हरवलेल्या पाळीव प्राण्याचा शोध: पहिल्या तासापासून पुढे

पाळीव प्राणी हरवल्याचे लक्षात आले की बहुतेक माणसे आधी मोबाइल हातात घेतात, त्यातल्या त्यात बरा फोटो निवडतात आणि तो ओळखीच्या सगळ्या गटांवर पाठवून उत्तराची वाट पाहू लागतात. हेही करायचेच आहे. परंतु त्यात जो अर्धा-पाऊण तास जातो, तेवढ्या वेळात घराच्या मागच्या बाजूला दबून बसलेले मांजर तसेच बसून राहते आणि रस्त्याला लागलेला कुत्रा दोन-तीन किलोमीटर पुढे निघून जातो. म्हणून काय आधी करावे आणि काय नंतर, याला महत्त्व आहे, आणि अशा प्रसंगाला पहिल्यांदाच सामोरे जाणाऱ्या वाचकांसाठी तो क्रम येथे दिला आहे. मुख्य विचार मांजर आणि कुत्रा यांचा केला आहे, कारण या दोघांचे वागणे इतके वेगळे असते की एकाला शोधण्याची रीत दुसऱ्याच्या बाबतीत अनेकदा उलटी पडते. पक्षी आणि लहान प्राणी यांच्याविषयी पुढे थोडक्यात लिहिले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अनोळखी जागी सापडलेला प्राणी आधी घाबरलेला असतो, आणि भीती त्याच्याकडून जे करवून घेते ते आपल्या ओळखीच्या त्याच्या स्वभावाशी जुळतेच असे नाही. एरवी हाक मारताच धावत येणारे मांजर पाच हातांवर असूनही हूं की चूं करत नाही, आणि रोज पायाशी झोपणारा कुत्रा मालकालाच पाहून पळत सुटतो. याचा अर्थ त्याची माया आटली असा नव्हे. त्या घटकेला त्याला माणूस ओळखू येत नसतो, फक्त आपल्याकडे येणारी हालचाल दिसत असते. शोधताना ‘तो माझ्याकडे येईल’ असे गृहीत धरण्यापेक्षा ‘घाबरल्यावर तो कुठे जाईल’ हा प्रश्न विचारला की बरीच वणवण वाचते.

धीर देणारी माहितीही आहे. अमेरिकेतील १,०१५ घरांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात हरवलेल्या कुत्र्यांपैकी ९३ टक्के आणि मांजरांपैकी सुमारे ७५ टक्के परत मिळाल्याचे आढळले. सापडलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मे मालकांनी परिसरात प्रत्यक्ष फिरून शोधले होते. मांजरांपैकी ५९ टक्के आपणहून परतली आणि ३० टक्के परिसर धुंडाळल्यामुळे मिळाली. निवारा केंद्रांतून मिळालेल्यांचे प्रमाण मात्र कुत्र्यांत ६ टक्के आणि मांजरांत २ टक्के इतकेच होते. आकडे एका देशातले आहेत, पण पायी केलेल्या शोधाला पर्याय नाही हे त्यांतून पुरेसे स्पष्ट होते.

पहिली पायरी: घर

बाहेर धावण्यापूर्वी घर तपासावे. ‘घरात नक्की नाही’ असे सांगणाऱ्या माणसाने बहुधा फक्त नेहमीच्या जागा पाहिलेल्या असतात. पलंगाखालचे कप्पे, अर्धवट उघडा राहिलेला खण, कपाटातील घड्यांच्या मागची जागा, फ्रिजच्या मागची फट, वॉशिंग मशीनचा ड्रम, सोफ्याच्या तळाचे फाटलेले कापड, माळ्यावरच्या रिकाम्या बॅगा, अशी प्रत्येक जागा टॉर्चच्या उजेडात, गुडघ्यांवर बसून पाहावी. नंतर पंखे, दूरदर्शन संच आणि माणसांचे बोलणे थांबवून दोन-तीन मिनिटे नुसता कानोसा घ्यावा. उभ्या असलेल्या गाडीचे बॉनेट उघडून पाहणे आणि खाली वाकून चाकांजवळची जागा पाहणे हेही याच पायरीत येते. इंजिनाच्या उबेला मांजरे बसतात, आणि न पाहता गाडी सुरू केल्यास जिवावरचा प्रसंग ओढवतो.

त्याच वेळी घरातील सर्वांना शांतपणे दोन प्रश्न विचारावेत: शेवटचे कोणी आणि किती वाजता पाहिले, आणि त्यानंतर कोणते दार किंवा खिडकी उघडी होती. उत्तरे कागदावर लिहून ठेवावीत. ‘कोणी उघडे ठेवले’ हा तिसरा प्रश्न या वेळी विचारू नये. त्याच्या धास्तीने खरी वेळ आणि खरे दार दोन्ही लपवले जातात, आणि शोध चुकीच्या बाजूने सुरू होतो.

घराबाहेर पडताना एक माणूस घरी थांबवावा. परत आलेल्या प्राण्याला बंद दार भेटणे ही टाळता येण्यासारखी गोष्ट आहे.

दुसरी पायरी: मांजर शोधताना

मांजरांच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे लांब जाणे. हरवलेल्या १,२१० मांजरांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवर आधारलेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की सापडलेल्या मांजरांपैकी निम्मी निसटलेल्या जागेपासून ५० मीटरच्या आत, तर तीन चतुर्थांश ५०० मीटरच्या आत होती. या अभ्यासात सहभागी असलेल्या कॅट अल्ब्रेक्ट या पूर्वी पोलीस दलात माग काढणारे कुत्रे हाताळत असत. नंतर त्यांनी तीच शिस्त हरवलेल्या प्राण्यांच्या शोधात आणली. तिचे सार असे, की तपास जसा खून झालेल्या जागेपासून सुरू होतो तसा हा शोध निसटण्याच्या नेमक्या जागेपासून सुरू व्हावा, आणि एक आवार पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये.

कायम घरात राहणारे मांजर बाहेर पडले असेल, तर ज्या दारातून किंवा खिडकीतून ते पडले तिथे स्वतः उभे राहावे, खाली बसावे आणि मांजराच्या उंचीवरून डावी-उजवीकडे पाहावे. पहिला आडोसा कोणता दिसतो? पायऱ्यांखालची पोकळी, झुडूप, फळ्यांचा ढीग, उभी गाडी, गटाराच्या झाकणाची फट. बिथरलेले मांजर अशा पहिल्या आडोशात शिरते आणि तिथेच गप्प राहते, कधीकधी कित्येक दिवस. हे मौन म्हणजे त्याचे संरक्षण असते. आवाज केला तर शिकारी प्राण्याला ठावठिकाणा कळेल, हे त्याला शिकवावे लागत नाही. म्हणून हाकेला उत्तर आले नाही यावरून ‘इथे नाही’ असा निष्कर्ष कधीही काढू नये. जागा डोळ्यांनी पाहिली असेल तरच ती तपासली असे धरावे.

बाहेर मोकळे हिंडणाऱ्या मांजराचे गणित वेगळे असते. त्याला परिसर पाठ असतो, त्यामुळे ते घरी आले नाही तर ते येऊ शकत नाही असे समजावे: कोणाच्या तरी कोठीत किंवा गॅरेजमध्ये कोंडले गेले असेल, छपरावर किंवा झाडावर अडकले असेल, जखमी असेल, दुसऱ्या बोक्याने हुसकावले असेल, किंवा सामानाच्या गाडीत बसून दूर गेले असेल. इथे शेजारच्या बंद जागा उघडून पाहणे हेच मुख्य काम ठरते. त्याच अभ्यासात चौकस स्वभावाची मांजरे इतरांच्या घरात सापडण्याची शक्यता अधिक असल्याचेही दिसले होते.

शेजाऱ्यांना ‘आमचे मांजर दिसले तर सांगा’ एवढे सांगून निघून येणे पुरेसे नाही. त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या आवारात स्वतः शोधावे, कारण दुसऱ्याच्या मांजरासाठी कोणीही पोटावर झोपून टाकीखाली टॉर्च मारत नाही. माझे स्वतःचे मांजर हरवले तेव्हा शेजारच्या सज्जन गृहस्थांनी ‘कोठीत पाहिले, नाही’ असे दोनदा सांगितले होते. ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी दार उघडून आत नजर टाकली होती. तिसऱ्या दिवशी मी विनंती करून आत गेलो, तेव्हा गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्यांच्या मागे दोन डोळे चमकले.

डोळे चमकण्याचा हा गुणच रात्रीच्या शोधात उपयोगी पडतो. मांजराच्या डोळ्यात दृष्टिपटलाच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधारात टॉर्च आपल्या डोळ्यांच्या पातळीवर धरून हळूहळू फिरवला की लांबवर दोन हिरवट-पिवळे ठिपके उमटतात. रात्री उशिरा, वर्दळ थांबल्यावर केलेली फेरी दिवसाच्या चार फेऱ्यांपेक्षा अधिक फळते, असे माझे मत आहे. घाबरलेले मांजर लपण्याची जागा सोडते तेही बहुधा याच वेळी, म्हणून फेरी संपल्यावर निसटण्याच्या जागेजवळ अर्धा तास खाली बसून रोजच्या आवाजात, हाका न मारता, काहीबाही बोलत राहावे.

वापरलेली वाळू बाहेर ठेवावी, तिच्या वासाने मांजर परत येते, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो खात्रीचा नाही. परिसरातील इतर बोके त्या वासाने आकर्षित होऊन आपल्या मांजराला आणखी दूर हुसकावण्याचा धोकाही असतो. त्याऐवजी घरच्या माणसाचा न धुतलेला कपडा किंवा मांजराचे रोजचे अंथरूण निसटण्याच्या जागी ठेवावे.

दोन-तीन दिवसांत मांजर दिसले नाही, किंवा दिसूनही हाती लागले नाही, तर सापळ्याचा पिंजरा लावावा. पशुवैद्य किंवा भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणाचे काम करणारे स्वयंसेवक यांच्याकडे असे पिंजरे असतात आणि ते वापरायला शिकवतातही. उग्र वासाचे ओलसर खाद्य पार आतल्या टोकाला ठेवावे, पिंजऱ्यावर कापड टाकावे, तळाला जाळी टोचू नये म्हणून जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि पिंजरा ऊन-पावसात किंवा तासन्‌तास न पाहता कधीही सोडू नये. जवळ जुना मोबाइल किंवा छोटा कॅमेरा लावता आला तर रात्री कोण येऊन जाते ते कळते. पिंजऱ्यात दुसरेच मांजर सापडले तर निराश न होता त्याला सोडून पुन्हा लावावा.

वर उल्लेखिलेल्या अभ्यासात ३४ टक्के मांजरे पहिल्या सात दिवसांत जिवंत मिळाली आणि वर्षभरात हे प्रमाण ६१ टक्क्यांवर गेले, मात्र ९० दिवसांनंतर जिवंत मिळालेली फारच थोडी होती. म्हणजे पहिल्या आठवड्यात सर्व शक्ती लावावी हे खरे, पण आठवडा उलटला म्हणून आशा सोडणेही चूक.

तिसरी पायरी: कुत्रा शोधताना

कुत्रा चालत राहतो. त्यामुळे इथे वेळ आणि दिशा या दोहोंना महत्त्व येते, आणि शोध एकाच वेळी दोन पातळ्यांवर चालवावा लागतो: निसटण्याच्या जागी कोणीतरी थांबलेले हवे, आणि बाकीच्यांनी वाटा वाटून घेऊन पुढे जायला हवे.

कुत्र्याचा स्वभाव कसा आहे यावर पुढचे बरेचसे अवलंबून असते. माणसांत रमणारा, कोणाच्याही मागे जाणारा कुत्रा पहिल्या काही तासांतच कोणीतरी थांबवलेला असण्याची शक्यता मोठी. त्याच्यासाठी जवळपासची घरे, दुकाने, पशुवैद्य आणि निवारा केंद्रे यांच्याकडे लवकर चौकशी करावी. बुजरा कुत्रा मात्र माणसे टाळत, आडवाटेने, निर्मनुष्य जागांकडे जातो आणि तिथे दिवसा दडून पहाटे-रात्री बाहेर पडतो. फटाक्यांच्या किंवा ढगांच्या गडगडाटाने उधळलेला एरवीचा धीट कुत्राही पहिले काही तास बुजऱ्या कुत्र्यासारखाच वागतो, हे ध्यानात ठेवावे.

असा कुत्रा दिसला की त्याच्या मागे धावू नये. या एका नियमाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे हाताशी आलेले कितीतरी कुत्रे वाहनांखाली सापडतात. दहा माणसे चहूबाजूंनी हाका मारत येऊ लागली की बिथरलेल्या कुत्र्याला त्यात शिकार दिसते, आणि ती आपलीच केली जात आहे असे त्याला वाटते. कुत्रा दिसताच जागच्या जागी थांबावे, त्याच्याकडे पाठ किंवा कूस करून जमिनीवर बसावे, नजरेला नजर देऊ नये आणि खाऊचे तुकडे थोडे बाजूला टाकत राहावे. आपण स्वतः काहीतरी खात बसल्यासारखे केले तरी चालते. कुत्रा दहा पावले पुढे येऊन पुन्हा मागे जाईल, उठू नये. तो अगदी जवळ आल्यावरही झडप घालू नये, हळूच हात पुढे करून त्याला हुंगू द्यावे आणि मगच पट्ट्यात बोट अडकवावे. घरात दुसरा कुत्रा असेल आणि या दोघांचे जमत असेल, तर त्याला पट्ट्याने बांधून सोबत नेल्यास कधीकधी काम सोपे होते.

निसटलेल्या जागी मालकाचा वापरलेला सदरा किंवा चादर, पाणी आणि थोडे खाद्य ठेवावे. कुत्र्याचे नाक त्याला आपल्याच वाटेने परत आणू शकते, आणि अनेक कुत्रे रात्रीतून त्या जागी येऊन जातात. मात्र खाद्य अनेक ठिकाणी पेरून ठेवू नये, कारण मग त्याला एका जागी परतण्याचे कारण उरत नाही.

जिथे-जिथे कुत्रा दिसल्याचे कळेल, ती प्रत्येक जागा नकाशावर वेळ, दिशा आणि सांगणाऱ्याचा संपर्क क्रमांक यांसह नोंदवावी. चार-पाच नोंदी झाल्या की त्यांतून त्याचा फेरा दिसू लागतो: बहुतेक कुत्रे काही दिवसांत पाणी, खाणे आणि आडोसा यांच्या मध्ये ठरावीक वाटा धरतात. वाट कळली की तिच्यावर खाद्य, कॅमेरा आणि गरज पडल्यास मोठा सापळा लावता येतो. तोपर्यंत नुसत्या ‘इकडे दिसला’ अशा निरोपावर गाडी काढून पळणे बहुधा व्यर्थ ठरते.

चौथी पायरी: लोकांना सांगणे

आता फोटो आणि फलक. फलक वाचणारा माणूस चालत किंवा वाहनावर असतो आणि त्याच्याकडे पाच सेकंद असतात. तेवढ्यात पाच-सहा शब्दच वाचून होतात. अल्ब्रेक्ट यांचाही सल्ला असाच आहे. ‘कुत्रा हरवला आहे’, त्याखाली रंग आणि आकार, एक मोठा स्पष्ट फोटो आणि खूप मोठ्या अक्षरांत फोन क्रमांक, भडक रंगाच्या मोठ्या कागदावर, एवढे पुरे. प्राण्याच्या गोड स्वभावाचे वर्णन, तो घरात सर्वांचा किती लाडका आहे हे, आणि जातीचे परदेशी नाव यांना फलकावर जागा नाही. ‘तांबूस, मध्यम, शेपटीचे टोक पांढरे’ हे कोणालाही कळते. कुत्रा बुजरा असेल तर ‘पाठलाग करू नका, फोन करा’ ही ओळ अवश्य असावी. फलक चौकांत आणि वळणांवर, जिथे वाहने सावकाश होतात तिथे, जागेच्या मालकाला किंवा स्थानिक प्रशासनाला विचारून लावावेत.

प्राण्याची एक खूण मात्र कुठेही प्रसिद्ध करू नये. पोटावरचा डाग, कानातला चरा, एका पंजाचे वेगळ्या रंगाचे नख, असे काहीतरी स्वतःजवळ राखून ठेवावे. दुर्दैवाने अशा जाहिरातींवर ठगांची नजर असते. ‘प्राणी माझ्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असा फोन आला की ती खूण विचारावी, त्या क्षणी काढलेला फोटो मागावा आणि प्राणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. ‘तुम्ही खरे मालक आहात का हे पाहण्यासाठी मोबाइलवर आलेला अंक सांगा’ अशी मागणी हीसुद्धा फसवणूक असते. तो अंक तुमच्या खात्यात शिरण्यासाठी हवा असतो. प्राणी आणायला एकट्याने जाऊ नये. जाहिरातीत बक्षिसाची रक्कमही लिहू नये, असे मला वाटते. मोठ्या रकमेमुळे ठग वाढतात आणि कुत्र्यामागे धावणारी पोरेही.

पहाटे आणि रात्री परिसरात असणाऱ्या माणसांशी प्रत्यक्ष बोलावे: सफाई कामगार, वर्तमानपत्रे टाकणारे, पहारेकरी, रोज फिरायला जाणारे, भटक्या प्राण्यांना खाऊ घालणारे. त्यांच्या नजरेतून परिसरातील नवा प्राणी सुटत नाही. शाळेत जाणाऱ्या मुलांनाही विचारावे. त्यांची उंची आणि चौकसपणा दोन्ही या कामाला सोयीचे असतात.

निवारा केंद्रे आणि पशुवैद्य यांना फोटो देऊन ठेवावा, पण निवारा केंद्रात दर दोन दिवसांनी स्वतः जाऊन पाहावे. दूरध्वनीवर ‘तशा वर्णनाचा नाही’ असे उत्तर येते, कारण तुम्ही ज्याला ‘बदामी’ म्हणता त्याला नोंदवहीत ‘करडा’ लिहिलेले असते, आणि आठवडाभर चिखलात राहिलेल्या कुत्र्याचा रंग सांगणे तसेही अवघडच.

प्राण्याला चिप बसवलेली असेल तर तिच्या नोंदणीत आपला आजचा पत्ता आणि फोन आहे का हे त्याच दिवशी तपासावे आणि प्राणी हरवल्याची नोंद करावी. ही चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, कातडीखाली बसवली जाते आणि तिच्यात बॅटरी नसते. वाचकयंत्र अगदी जवळ आणल्यावर ती फक्त आपला क्रमांक सांगते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार हा क्रमांक १५ अंकी असतो आणि १३४.२ किलोहर्ट्झवर वाचला जातो. चिपमुळे प्राणी कुठे आहे ते मोबाइलवर दिसते, हा समज चुकीचा आहे. त्यासाठी पट्ट्याला लावायचे वेगळे उपकरण लागते. चिपचे मोल प्राणी कोणाच्या तरी हाती लागल्यानंतर कळते. अमेरिकेतील निवारा केंद्रांच्या २००९ सालच्या अभ्यासात एकंदर भटक्या म्हणून आलेल्या कुत्र्यांपैकी २१.९ टक्के घरी परतले, तर चिप असलेल्यांपैकी ५२.२ टक्के, मांजरांत हा फरक १.८ आणि ३८.५ असा होता. मात्र त्यांतील सुमारे ५८ टक्केच चिपांची नोंदणी झालेली आढळली. नोंदणी नसलेली चिप म्हणजे पत्ता न लिहिलेले पाकीट.

पक्षी आणि लहान प्राणी

उडालेला पाळीव पक्षी पहिल्या दिवशी बहुधा जवळच्या उंच झाडावर असतो. त्याला वर चढता येते, पण उंचावरून खाली कसे उतरायचे याचा सराव नसल्यामुळे तो तिथेच अडकतो. त्याचा पिंजरा उघड्या दाराने, खाद्यासह, त्याला दिसेल अशा उंच मोकळ्या जागी ठेवावा, रोजचे शब्द आणि शीळ ऐकवत राहावे आणि सकाळी उजाडताना व संध्याकाळी मावळतीला विशेष लक्ष द्यावे, कारण त्या वेळी पक्षी हाकेला ओ देतात. ससा भिंतीच्या कडेने सरकत पहिल्या बिळासारख्या जागेत शिरतो. कासव आपल्या समजापेक्षा वेगाने चालते आणि पाचोळ्याखाली दिसेनासे होते, त्यामुळे पाचोळा हाताने उलथून पाहावा. घरातच हरवलेल्या छोट्या उंदरासारख्या प्राण्यासाठी दारांच्या फटी बंद करून प्रत्येक खोलीत मोजून दाणे ठेवावेत. सकाळी कुठले कमी झाले त्यावरून खोली कळते.

वाट पाहण्याच्या दिवसांत

या दिवसांतील मनःस्थितीला नाव आहे. जवळची व्यक्ती गेली की आहे हेच कळत नाही, अशा अवस्थेचा अभ्यास अमेरिकी मानसतज्ज्ञ पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांत केला आणि तिला ‘संदिग्ध वियोग’ या अर्थाची संज्ञा दिली. निश्चित मृत्यूचे दुःख हळूहळू उतरते. इथे मात्र आशा आणि शोक एकमेकांना थांबवून धरतात, त्यामुळे प्रत्येक भुंकण्याला माणूस दचकून उठतो आणि ताटावर बसल्यावर ‘त्याने काही खाल्ले असेल का’ हा विचार घास अडवतो. ‘एका प्राण्यासाठी एवढे काय’ असे म्हणणारे भेटतीलच. त्यांना समजावण्यात शक्ती घालवू नये, ती शोधाला लागणार आहे.

कामे वाटून घेतल्याने घालमेल काहीशी आटोक्यात राहते. फोन एकाने घ्यावेत, फलक दुसऱ्याने, रात्रीची फेरी पाळीपाळीने. आणि ज्याची पाळी नाही त्याने खरोखर झोपावे, कारण सलग तीन रात्री जागलेला माणूस टॉर्च मारतो पण पाहत नाही. ज्याच्या हातून दार उघडे राहिले त्याच्याकडे मुद्दाम एखादे महत्त्वाचे काम सोपवावे. अपराधाची टोचणी त्याला आधीच असते आणि रिकाम्या हातांनी ती वाढते.

मुलांना खरे सांगावे: हरवला आहे, आपण शोधतो आहोत, सापडेल की नाही हे आत्ता माहीत नाही. ‘तो फिरायला गेला आहे, येईल’ असे सांगितले की मूल रोज दाराशी बसते, आणि पुढे आपल्या कोणत्याच शब्दावर त्याचा विश्वास बसत नाही. त्याला फलकावर चित्र काढू द्यावे, शेजारी विचारायला सोबत न्यावे. घरातील दुसरा प्राणीही खाणे कमी करील किंवा दाराशी घुटमळेल. त्याच्या जेवणाच्या आणि फिरण्याच्या वेळा पाळाव्यात, आणि या गडबडीत तोही निसटणार नाही इकडे लक्ष ठेवावे.

शोध कधी थांबवावा याची तारीख कोणी ठरवून देऊ शकत नाही. तीन-चार आठवड्यांनंतर रोजच्या फेऱ्या आठवड्यातून दोनदा करणे, फाटलेले फलक बदलणे आणि निवारा केंद्रांशी संपर्क चालू ठेवणे हा मधला मार्ग बहुतेकांना झेपतो. प्राण्याचे अंथरूण कधी आवरायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

परत आल्यावर

सापडलेल्या प्राण्याला एका शांत खोलीत ठेवावे, पाणी द्यावे आणि खाणे थोडे-थोडे, अनेकदा द्यावे. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या प्राण्याला एकदम भरपेट खाऊ घातल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून धोका होतो. मांजर काही दिवस न खाता राहिले असेल तर यकृतात चरबी साठून गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून दिसायला धडधाकट असले तरी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पशुवैद्याकडे न्यावे. गोचिडी, तळव्यांच्या जखमा आणि केसांत दडलेले चाव्याचे व्रण तपासून घ्यावेत. चावा दिसल्यास रेबीजच्या लसीविषयी पशुवैद्याला त्याच भेटीत विचारावे, आणि प्राण्याला पकडताना घरातील कोणाला चावला किंवा ओरखडले असेल तर ती जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे.

घरातले दुसरे मांजर त्याच्यावर फिस्कारले तर आश्चर्य वाटू नये. परतलेल्याच्या अंगाला दवाखान्याचा आणि रस्त्याचा वास असतो. दोन-तीन दिवस दोघांना वेगळे ठेवून अंथरुणांची अदलाबदल केली की बहुधा जमते. कुत्र्याला पुढचे काही आठवडे आवारातही पट्ट्याशिवाय सोडू नये, कारण एकदा कळलेली वाट तो विसरत नाही. ज्या फटीतून तो गेला ती त्याच दिवशी बुजवावी, गळ्यातील बिल्ल्यावर चालू फोन क्रमांक कोरून घ्यावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शिडी घेऊन लावलेले सगळे फलक उतरवावेत, कारण जुने फलक भिंतींवर तसेच राहिले की लोक पुढच्या फलकाकडे पाहणे सोडतात.